विहिरीचा हिशेब

(आपल्या पायाखालच्या जमिनीत पाणी असते, हे आपल्याला ठाऊक असते. पण ते कसे साठते, किती साठते आणि बदलत्या हवामानाचा त्याच्यावर काय परिणाम होतो, याचा विचार आपण सहसा करत नाही. प्रस्तुत पाठात लेखिकेने आपल्या नानांच्या विहिरीची हकिकत सांगत हा विषय सोप्या शब्दांत समजावून दिला आहे.)



गेल्या वर्षी आमच्या शाळेची सहल औरंगाबादला, म्हणजेच आताच्या छत्रपती संभाजीनगरला गेली होती. बीबी का मकबरा पाहून आम्ही पाणचक्की पाहायला गेलो. अठराव्या शतकात बांधलेली ही चक्की पाण्याच्या जोरावर फिरत असे. दर्ग्यात येणारे प्रवासी, फकीर आणि तेथे शिकणारे विद्यार्थी यांच्यासाठी तिच्यावर धान्य दळले जाई. उंच भिंतीवरून हौदात पडणारी पाण्याची धार पाहत मुले उभी होती. तेवढ्यात आठवीतल्या एका मुलीने मला विचारले, "टीचर, शेजारी खाम नदी आहे. हे पाणी त्या नदीचेच का?"

मी म्हटले, "नाही. हे पाणी शहराबाहेरच्या डोंगरांकडून येते. जमिनीतून पाझरलेले पाणी एके ठिकाणी गोळा करून ते मातीच्या नळांनी येथपर्यंत आणले आहे."

ती लगेच म्हणाली, "मग जमिनीतले पाणी संपले तर?"

या प्रश्नाचे उत्तर मला दोन वाक्यांत देता आले नाही. ते मी आज तुम्हां सर्वांना सविस्तर सांगणार आहे.

सतराव्या शतकाच्या सुरुवातीला निजामशाहीचा वजीर मलिक अंबर याने खडकी नावाचे नगर वसवले. तेच पुढे औरंगाबाद म्हणून प्रसिद्ध झाले. नगरातल्या लोकांना पाणी मिळावे म्हणून त्याने डोंगराच्या पायथ्यापासून जमिनीखालून एक कालवा आणला. त्याला 'नहर-ए-अंबरी' म्हणतात. त्या काळी विजेचा पंप नव्हता. डोंगरात मुरलेले पाणी झिरपत झिरपत नहरीत येई आणि उतारामुळे आपोआप नगरापर्यंत वाहत जाई. पुढे याच पद्धतीने तेथे आणखी नहरी बांधल्या गेल्या. जमिनीखालच्या पाण्याचा अभ्यास त्याच्याही फार आधीपासून चालत आला आहे. सहाव्या शतकात वराहमिहिराने भूमिगत पाण्याच्या खुणांविषयी लिहिले. अकराव्या शतकात अल-करजी या इराणी गणितज्ञाने दडलेले पाणी बाहेर कसे काढावे, यावर अरबी भाषेत एक ग्रंथ रचला.

या जुन्या नहरींची एक गोष्ट लक्षात ठेवा. डोंगर जेवढे पाणी पाझरू देई, तेवढेच नहरीला मिळे. त्याहून जास्त ओढून घेण्याची ताकद तिच्यात नव्हती. हा मुद्दा आपल्याला पुढे लागणार आहे.

आता जमिनीखाली जाऊ या. पुष्कळ मुलांना वाटते, की जमिनीखाली मोठमोठी तळी किंवा नद्या असतात. तसे नसते. पाणी असते ते मातीच्या कणांमधल्या आणि खडकाच्या भेगांमधल्या बारीक जागेत. महाराष्ट्राचा सुमारे चार पंचमांश भाग काळ्या खडकाचा आहे. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडून तप्त लाव्हारस बाहेर आला. तो थरावर थर साचत थंड झाला आणि हा खडक तयार झाला. त्याला बेसॉल्ट म्हणतात. वेरूळ आणि अजिंठ्याची लेणी याच खडकात कोरलेली आहेत.

हा खडक मुळात कठीण आहे. त्याचा वरचा पंधरा-वीस मीटरांचा भाग ऊनपावसाने झिजून भुसभुशीत झालेला असतो. त्यालाच शेतकरी मुरूम म्हणतात. मुरमात आणि त्याखालच्या भेगाळ खडकात पाणी साठते. त्याच्याही खाली गेलात तर बहुधा घट्ट कातळ लागतो आणि भेगा विरळ होतात. म्हणजे आपले भांडे उथळ आहे. शिवाय ते दगडांनी भरलेले आहे. अशा खडकाच्या एक मीटर जाडीच्या थरात पाण्याला मिळणारी जागा साधारण दोन सेंटिमीटरच असते. गंगेच्या मैदानात वाळूचे आणि गाळाचे शेकडो मीटर जाड थर आहेत. तेथे एखाद्या वर्षी पाऊस कमी झाला, तरी जुना साठा उपयोगी पडतो. आपल्याकडे मात्र हे उथळ भांडे दर पावसाळ्यात भरावे लागते आणि दर उन्हाळ्यात ते जवळजवळ रिकामे होते.

हे मला शाळेत कळले, त्याच्या आधी माझ्या नानांनी शिकवले होते.

नानांचे गाव मराठवाड्यातले. चार एकर शेत आणि शेताच्या कोपऱ्यात दगडांनी बांधलेली एक विहीर. नाना सण चंद्रावर धरत, पण पेरणी मात्र मृग नक्षत्रावर करत. ते म्हणत, "चाँदचे महिने ऋतूंमधून फिरत राहतात. शेताला सूर्याचा हिशेब लागतो." विहिरीच्या बाबतीत त्यांचा एक नेम होता. त्यांच्याकडे सुताचा एक जाड दोर होता. त्याला हाताहाताच्या अंतरावर गाठी मारलेल्या होत्या. वर्षातून दोनदा, एकदा मृग निघण्याच्या आदल्या दिवशी आणि एकदा दिवाळीच्या सुमारास, ते दोराला दगड बांधून तो विहिरीत सोडत. दगड पाण्याला लागला की गाठी मोजत आणि तो आकडा उर्दूत एका वहीत लिहून ठेवत. सुट्टीत गेले की गाठी मोजण्याचे काम माझ्याकडे असे.

मी लहान होते तेव्हा दिवाळीला पाच-सहा गाठींवर पाणी लागे. मृगाच्या तोंडावर ते चौदा-पंधरा गाठींपर्यंत खाली जाई. पुन्हा पाऊस झाला की विहीर भरे. पुढे मी बी. एड.ला होते, त्या काळातल्या नोंदी वेगळ्याच होत्या. दिवाळीलाच पाणी नऊ-दहा गाठींवर होते आणि मार्च महिन्यात तळाचा दगड दिसत होता. मी नानांना विचारले, "पाऊस कमी झाला का?" नानांनी वही मिटली आणि ते म्हणाले, "पाऊस फार कमी झाला नाही, बेटी. त्याला घाई झाली आहे."

मुलांनो, नाना चौथीपर्यंतच शिकले होते. पण त्यांच्या त्या एका वाक्यात आजच्या विषयाचा मोठा भाग आला आहे. पावसाला घाई का झाली, ते आता पाहू.

कोळसा, पेट्रोल, डिझेल जाळले की हवेत कार्बन डायऑक्साइड वायू मिसळतो. हा वायू पृथ्वीवरची उष्णता अडवून धरतो. कारखाने सुरू होण्याच्या आधीच्या काळात हवेच्या दहा लाख भागांत तो सुमारे 280 भाग होता. आज तो 420 भागांच्या वर गेला आहे. त्यामुळे पृथ्वी तापत चालली आहे. 1901 ते 2018 या काळात भारताचे सरासरी तापमान सुमारे 0.7 अंश सेल्सिअसने वाढले. तुम्ही म्हणाल, एक अंशसुद्धा नाही, एवढ्याने काय बिघडते? पण हवा एका अंशाने तापली, तर तिच्यात साधारण सात टक्के जास्त बाष्प मावते. तापलेली हवा पाणी बराच वेळ धरून ठेवते आणि मग एकदम ओतून देते. म्हणून कोरडे दिवस वाढतात आणि पाऊस आला की धो धो कोसळतो.

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील शास्त्रज्ञांनी इतर सहकाऱ्यांबरोबर याचा अभ्यास केला. तो 2017 साली प्रसिद्ध झाला. 1950 ते 2015 या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात मोठ्या प्रदेशावर एकाच वेळी अतिवृष्टी होण्याच्या घटना तिपटीने वाढल्या, असे त्यांना आढळले. याच काळात या पट्ट्यातला एकूण पाऊस मात्र थोडा घटला होता. नानांच्या वहीतली गोष्ट आणि शास्त्रज्ञांची गोष्ट एकच निघाली.

आता प्रश्न असा, की पाऊस घाईने पडला तर विहिरीचे काय बिघडते? पाणी तर तेवढेच पडले ना? याचे उत्तर आमच्या वर्गाने प्रयोग करून शोधले. तुम्हीही तो करून पाहा.

दोन सारखी घमेली घ्या. तळाशी विटांचे तुकडे टाका. वर सारखीच माती दाबून पसरा. दोन्ही घमेली एका बाजूने उचलून थोडी तिरकी ठेवा आणि खालच्या कडेशी परात ठेवा. पहिल्या घमेल्यात वरच्या बाजूने एक लोटा पाणी एकदम ओता. दुसऱ्यात तेवढेच पाणी झारीने थोडे थोडे, अर्धा तास शिंपडा. आमच्या प्रयोगात पहिल्या घमेल्यातले बहुतेक पाणी परातीत आले. येताना त्याने माती आणली, त्यामुळे ते गढूळ होते. दुसऱ्या घमेल्यातले पाणी मातीत मुरले, परातीत थोडेच आले.

जमिनीचेही असेच होते. मातीला पाणी पिण्याचा एक वेग असतो. त्याहून जास्त वेगाने पाणी पडले, तर ती ते पिऊ शकत नाही. पाणी ओढ्याला जाते, ओढ्यातून नदीला आणि नदीतून धरणाला किंवा समुद्राला. रिमझिम पाऊस चार दिवस लागला, तर तेच पाणी मुरमापर्यंत पोहोचते.

थोडे गणित करू. समजा, एका गावात वर्षाला 600 मिलिमीटर पाऊस पडतो. काळ्या खडकाच्या प्रदेशात पावसाचा साधारण दहावा भाग जमिनीत खोल मुरतो, असे धरू. म्हणजे 60 मिलिमीटर पाणी मुरले. मघाशी आपण पाहिले, की एक मीटर खडकात दोन सेंटिमीटर म्हणजे 20 मिलिमीटर पाणी मावते. म्हणून 60 मिलिमीटर पाण्याने विहिरीची पातळी 3 मीटर वर चढेल. आता समजा, पाऊस तेवढाच पडला, पण घाईने पडला आणि दहा टक्क्यांऐवजी सहा टक्केच मुरला. मग 36 मिलिमीटर पाणी मिळेल आणि पातळी 1.8 मीटरच चढेल. पर्जन्यमापकाने दोन्ही वर्षी 600 हाच आकडा दाखवला, पण नानांच्या दोराला फरक कळला. तब्बल 1.2 मीटर!

ही झाली जमेची बाजू. आता खर्चाची बाजू पाहू.

उष्णता वाढली की पिकांना तहान जास्त लागते. मातीतला ओलावा लवकर उडून जातो. पावसाळ्यात पंधरा-वीस दिवस उघडीप पडली, तर उभे पीक वाळू लागते. मग शेतकरी काय करतो? तो मोटर सुरू करतो. त्याचे चुकते असे नाही. डोळ्यांदेखत पीक जळत असताना कोण स्वस्थ बसेल? पण एरवी पावसाळ्यात विहीर भरायची, त्याच दिवसांत तिच्यातून उपसा सुरू होतो. जमा कमी आणि खर्च जास्त, असे दोन्हीकडून होते.

जगात जमिनीखालचे पाणी सर्वांत जास्त वापरणारा देश भारत आहे. देशात जेवढे भूजल उपसले जाते, त्यातले सुमारे 87 टक्के शेतीला लागते. मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी 2023 साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. उष्णतेला तोंड देण्यासाठी शेतकरी असाच उपसा वाढवत गेले, तर 2041 ते 2080 या काळात भारतात भूजल घटण्याचा वेग आजच्या तिप्पट होऊ शकतो, असा अंदाज त्यात मांडला आहे. हा अंदाज आहे, भविष्यवाणी नव्हे. आपण वागणे बदलले तर अंदाजही बदलतो.

आमच्या घरात काय झाले, तेही सांगते. विहीर आटली तेव्हा माझ्या मामूंनी कर्ज काढून 400 फुटांचा बोअर घेतला. पहिले दोन उन्हाळे पाणी आले. मामूंनी ऊस लावला. आजूबाजूच्या शेतकऱ्यांनी ते पाहिले आणि त्यांनीही बोअर घेतले, काहींनी आमच्याहून खोल. तिसऱ्या उन्हाळ्यात आमच्या बोअरमधून आधी फेस आला आणि मग नुसती हवा. उसाचे पाचट झाले. त्या रात्री मामू जेवले नाहीत. मामी म्हणाल्या, "शेजाऱ्यांनी आपले पाणी पळवले." नाना म्हणाले, "आणि आपण कोणाचे पळवले? जमिनीवर बांध आहे, जमिनीखाली बांध नाही."

नानांचे बोलणे बरोबर होते. खोल कातळात नवे पाणी तयार होत नाही. तेथील भेगांत वरूनच पाझरून आलेले थोडे पाणी असते, आणि काही ठिकाणी ते फार जुने असते. ते उपसले की पुन्हा भरायला फार काळ लागतो. शिवाय खोल खडकात दीर्घ काळ राहिलेल्या पाण्यात क्षार जास्त विरघळतात. आपल्या राज्यात यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांतील काही गावांत पाण्यातले फ्लोराइड प्रमाणाबाहेर आढळले आहे. असे पाणी वर्षानुवर्षे पिण्यात आले तर दात आणि हाडे खराब होतात.

म्हणून मुलांनो, एक गोष्ट प्रामाणिकपणे मान्य केली पाहिजे. विहिरी आटण्याचा सगळा दोष हवामानावर टाकता येणार नाही. आपण बेहिशेबी उपसा केला, ही आपली चूक. हवामानबदल त्या चुकीची शिक्षा वाढवतो. नहर पाझरलेलेच पाणी घेत होती. आपला पंप मात्र उद्याचेही पाणी आजच घेतो.

लातूरची गोष्ट तुम्ही ऐकली असेल. लागोपाठच्या दुष्काळांनंतर 2016 च्या उन्हाळ्यात लातूर शहराला पाणी देणारे मांजरा धरण कोरडे पडले. लोकांनी बोअरकडे धाव घेतली, तर बोअरही आटले. तेव्हा मिरजेहून सुमारे 340 किलोमीटर अंतरावरून रेल्वेने पाणी आणावे लागले. पहिल्या गाडीने 5 लाख लिटर पाणी आले. आणि त्याच वर्षी पावसाळ्याच्या अखेरीस एवढा पाऊस झाला, की मांजरा धरण भरले! एकाच वर्षात पाण्याची रेल्वे आणि भरलेले धरण. पाऊस असा लहरी होत जाणार असेल, तर तो पडेल तेव्हा त्याला अडवून जमिनीत साठवणे हाच शहाणपणा आहे.

तुमच्यापैकी काही जण कोकणात राहत असतील. त्यांना वाटेल, आमच्याकडे तर भरपूर पाऊस पडतो, आम्हांला काय भीती? पण समुद्रकाठच्या विहिरींची अडचण निराळी आहे. तेथे जमिनीखाली गोडे पाणी हलके म्हणून वर तरंगते आणि खारे पाणी जड म्हणून खाली असते. गोड्या पाण्याचा उपसा जास्त झाला, की खारे पाणी वर सरकते. पृथ्वी तापल्याने समुद्राची पातळीही वाढत आहे. तिचाही दाब जमिनीखाली पडतो. एकदा विहीर खारी झाली, की ती पुन्हा गोडी व्हायला कित्येक पावसाळे जावे लागतात.

हे सर्व ऐकून घाबरून जाऊ नका. घाई झालेल्या पावसाला थांबवणे आपल्या हातात नाही, पण त्याच्या पाण्याला थांबवणे आपल्या हातात आहे. अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात हिवरे बाजार नावाचे गाव आहे. ते अवर्षणाच्या पट्ट्यात येते. 1990 च्या सुमारास सरपंच पोपटराव पवार यांच्या पुढाकाराने गावकऱ्यांनी डोंगरउतारावर चर खोदले, बांध घातले, झाडे लावली. धावणारे पाणी चालू लागले आणि चालणारे पाणी थांबून मुरू लागले. पण त्यांनी एवढेच केले असते, तर वाढलेले पाणीही उपसले गेले असते. म्हणून त्यांनी नियम केले. शेतीसाठी बोअर घ्यायचा नाही. ऊस आणि केळी यांसारखी फार पाणी पिणारी पिके घ्यायची नाहीत. पाऊस किती झाला, जमिनीत किती मुरला, याचा हिशेब गावकरी एकत्र बसून मांडतात. पिण्याचे पाणी आधी बाजूला ठेवतात आणि उरलेल्या पाण्यात कोणते पीक बसते ते ठरवतात. पोपटराव पवार यांना 2020 साली 'पद्मश्री' पुरस्कार जाहीर झाला.

तुम्ही म्हणाल, आम्ही तर शाळेत जाणारी मुले, आम्ही काय करणार? तुम्हांलाही करता येण्याजोगी कामे आहेत. घराच्या किंवा शाळेच्या छपरावरचे पाणी पन्हाळीने खाली आणून, वाळू-खडीच्या गाळणीतून शोषखड्ड्यात सोडता येते. आमच्या मोहल्ल्यातल्या मशिदीत वुजूचे पाणी पूर्वी गटारात जाई. आता ते अंगणातल्या शोषखड्ड्यात मुरते. मात्र सांडपाणी कधीही थेट विहिरीत किंवा बोअरमध्ये सोडू नका. त्याने सगळ्यांचेच पाणी नासेल. आमच्या वर्गातल्या मुलांनी वुजूचे पाणीही मोजून पाहिले. नळ पूर्ण उघडा ठेवला, तर एका वुजूला सहा लिटरहून जास्त पाणी गेले. लोट्याने केला, तर दोन लिटरहून कमी लागले. वाहत्या नदीच्या काठी बसूनही पाणी वाया घालवू नये, ही शिकवण तुम्ही दीनियातच्या तासाला ऐकली असेलच.

आणि ज्यांच्या घरी शेती आहे, त्यांनी आपल्या अब्बांशी, मामूंशी, चाचांशी बोलावे. मोठ्यांना शिकवायला जाऊ नका. फक्त विचारा, "आपल्या विहिरीचे पाणी दिवाळीला किती हातांवर होते?" ज्या घरात हा आकडा ठाऊक असतो, त्या घरात पीक ठरवतानाही तो आठवतो. मामूंनी पुढे ऊस सोडला. आता ते तूर आणि ज्वारी घेतात. नानांची विहीर त्यांनी गाळ काढून साफ केली आहे आणि ओढ्यावर गावकऱ्यांबरोबर छोटा बांध घातला आहे. विहीर अजून पूर्वीसारखी भरत नाही. पण गेल्या वर्षी तिच्यात मार्च महिन्यातही पाणी होते.

नाना आता हयात नाहीत. त्यांचा गाठींचा दोर माझ्याकडे आहे. सहलीहून परतल्यावर मी तो वर्गात आणला आणि प्रश्न विचारणाऱ्या त्या मुलीच्या हातात दिला. शाळेच्या मागे एक जुना आड आहे. मी कठड्याजवळ उभी राहिले, मुलांना दोन पावले मागे ठेवले आणि दोर खाली सोडला. तिने मोठ्याने गाठी मोजल्या. अकरा. आम्ही तारीख घालून तो आकडा नव्या वहीत पहिल्या ओळीवर लिहिला.

जमिनीतले पाणी संपले तर काय, असे तिने विचारले होते. मुलांनो, ते एका दिवसात संपत नाही. ते गाठीगाठीने खाली जाते आणि कोणी मोजत नसेल, तर कोणाला कळतही नाही. म्हणून तुमच्या गावात, वस्तीत जी विहीर असेल, तिची वही आजच सुरू करा.

स्वाध्याय

प्र. 1. खालील प्रश्नांची प्रत्येकी एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) नहर-ए-अंबरी कोणी बांधली?
(आ) नाना विहिरीचे पाणी वर्षातून किती वेळा मोजत?
(इ) काळ्या खडकाच्या एक मीटर थरात साधारण किती पाणी मावते?

प्र. 2. खालील प्रश्नांची प्रत्येकी चार-पाच वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) "पाऊस फार कमी झाला नाही, बेटी. त्याला घाई झाली आहे." या वाक्याचा अर्थ स्पष्ट करा.
(आ) मामूंचा बोअर तिसऱ्या उन्हाळ्यात का आटला?
(इ) हिवरे बाजारच्या गावकऱ्यांनी कोणते नियम केले? ते का केले?

प्र. 3. "जमिनीवर बांध आहे, जमिनीखाली बांध नाही." तुमच्या गावातील किंवा मोहल्ल्यातील उदाहरण देऊन या वाक्यावर दहा ओळी लिहा.

उपक्रम : मोठ्या माणसांना बरोबर घेऊन जवळच्या विहिरीची पाण्याची पातळी मोजा आणि दर दोन महिन्यांनी ती वहीत तारखेसह लिहा.